छबूबाईची हजेरी

आमची आत्या गाणी लिहिते. शब्द नाही, सूर. नवं गाणं गाजायला लागलं की स्वरलिपी छापणाऱ्या एका छोट्या कंपनीकडून ते तिच्याकडे येतं. ती कानांवर हेडफोन चढवते आणि त्यातला एकेक आवाज सुटा करून पाच रेघांवर उतरवते. ती पानं पुढे शाळांमधले संगीतशिक्षक घेतात, हॉटेलांत वाजवणारे वादक घेतात, हौशी गायकांची मंडळं घेतात. पानावर गीतकाराचं नाव असतं, गायिकेचं असतं, छापणाऱ्याचंही असतं. आत्याचं नसतं. ऐकणाऱ्याचं नाव कोण लिहितं, असं म्हणून ती पेन्सिलीला टोक करायला घेते.

ती आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहते. दोन खोल्या. एकीत पलंग आणि ओटा, दुसरीत टेबल. टेबलाची उजवी कड खोडरबराच्या चुऱ्याने कायम मऊ असते. तुमच्या बहिणीकडे एकदा नीट झाडलं तर उशी भरून निघेल, असं आई बाबांना ऐकवते, आणि दर शनिवारी स्वतःच झाडू घेऊन वर जाते.

तिच्या कामाची एक पद्धत आहे. लिहिणारे बहुतेक जण आधी गायिकेचा आवाज लिहितात, मग सगळ्यात खालचा, मग उरलेलं. आत्या मधून सुरू करते. गाण्याच्या पोटात जो आवाज असतो, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही पण काढून घेतला तर गाणं पोकळ वाटतं, तो ती आधी शोधते आणि कागदावर ठेवण्यापूर्वी एकदा स्वतः गाऊन बघते. वरचा मिरवतो, खालचा ओझं उचलतो, मधल्याला खोटं बोलायचं काही कारणच नसतं, असं तिचं म्हणणं. तिचं हे अर्ध्या आवाजातलं गाणं मी लहानपणापासून जिन्यात ऐकत आले. त्यात चाल कधी नसायची. भिंतीपलीकडे कुणीतरी बोलतंय आणि शब्द कळत नाहीत, तसं ते ऐकू यायचं.

कधीकधी ती जिन्यातून मला हाक मारायची आणि म्हणायची, ये, चोर सापडला. चोर म्हणजे गाण्यात लपलेली जुनी युक्ती. एकदा तिने माझ्याच आवडीचं एक नाचायचं गाणं माझ्या कानांत घातलं. डाव्या कानात चार बायका एक ओळ म्हणत होत्या, उजव्या कानात दुसऱ्या चौघी तीच ओळ त्यांना परत देत होत्या. आत्याने सांगितलं की पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमध्ये, रेनेसान्सच्या काळात, हेच करायचे. एका उंच सज्जात गाणाऱ्यांचा एक ताफा, समोरच्या सज्जात दुसरा, मधे खाली ऐकणारी माणसं. आता सज्जे तुझ्या कानांत आले, एवढाच काय तो फरक. दुसऱ्या एका गाण्यात एक आवाज पुढे जायचा आणि तोच आवाज दोन मात्रांनी त्याच्या मागून यायचा, तेवढंच अंतर राखून, जसं कुणी आपल्या पावलावर पाऊल ठेवत चालतं. तिसऱ्यात खालचे चार सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोल फिरत राहायचे आणि वर काय वाटेल ते चालायचं. हेही जुनंच.

मी विचारलं होतं, की हे करणारे लोक ते सगळं शिकून आलेले असतात का. ती म्हणाली, बहुतेक नाही. विचारलं तर सांगतात, सहज सुचलं. सहज म्हणजे कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

हे कान तिला मास्तरांनी दिले. मास्तर म्हणजे एका शाळेच्या मागच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी युरोपातलं जुनं गाणं शिकवणारे एक गृहस्थ. त्यांच्या वर्गात फक्त चार जण टिकले, आणि चारांनी नऊ वर्षं एकत्र गायलं. सगळ्यात खालचा आवाज एका उंच, वाळक्या माणसाचा, त्याला सगळे बांबू म्हणत. त्याच्या वरचा आवाज ज्याचा, तो तोंड बंद ठेवू शकायचा नाही, म्हणून त्याचं नाव रेडिओ. मग आत्या. आणि सगळ्यात वर आत्याची मैत्रीण, अंगाने भरलेली, ढोली. ही नावं मास्तरांनीच पक्की केली, कारण त्यांना ती हजेरीसाठी लागत.

मास्तर हजेरी बोलून घेत नसत, गुणगुणून घेत. जुन्या काळी काही संगीतकार आपल्या आश्रयदात्याच्या नावातून सूर कोरून काढत आणि त्यावर अख्खी रचना उभी करत. सुरांची जुनी नावं सहा, आपल्या सा ते धसारखी: उत, रे, मी, फा, सोल, ला. नावात उकार आला की उत घ्यायचा, ए आला की रे, इ आला की मी, ओ आला की सोल. आपल्याकडे अक्षरातल्या आवाजालाही स्वर म्हणतात आणि गाण्यातल्या आवाजालाही, ही मास्तरांना फार मोठी सोय वाटायची. नुसता अ आला तर फा आणि काना असला तर ला, ही भर त्यांची स्वतःची. पुरुषांना बुवा आणि मुलींना बाई जोडून ते प्रत्येकाची एक छोटी धून करत. रेडिओबुवा म्हणजे रे, मी, सोल, उत, ला. ज्याची धून त्याने ती उलटी गाऊन ओ द्यायची, म्हणजे तो हजर. बांबूची गंमत व्हायची. बांबूबुवा म्हणजे ला, उत, उत, ला. सुलट तीच, उलट तीच. मास्तरांनी हाक मारली की त्याने ओ दिली, हे कळायचंच नाही, आणि रेडिओ दर रविवारी विचारायचा की बांबू आला की नुसता प्रतिध्वनी आला.

क्रम ठरलेला होता, खालून वर. बांबू, रेडिओ, आत्या, ढोली. एकाची ओ आल्याशिवाय मास्तर पुढच्या नावाकडे जात नसत. कुणी खिडकीबाहेर बघत असलं तर ते तीच धून पुन्हा गुणगुणत, मग पुन्हा, आवाज न चढवता, आणि सगळा हॉल थांबून राहायचा.

आत्याच्या धुनीत एक चूक होती. घरात तिला छबी म्हणतात. पहिल्या दिवशी तिने तेच सांगितलं, पण मास्तरांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं आणि ती डावीकडे उभी होती. त्यांनी छबू ऐकलं. पुढच्या रविवारी छबूबाईची धून तयार होती: फा, उत, ला, मी. चार पायऱ्या खाली पडायचं, मग एकदम सहा पायऱ्या वर, मग परत चार खाली. विचित्र धून. ओ द्यायची तर आणखी विचित्र. आत्या पंधरा वर्षांची होती आणि नाव चुकलं हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. मग उशीर झाला, मग फार उशीर झाला. नऊ वर्षं ती रविवारी छबू होती आणि बाकीचे सहा दिवस छबी. ही गोष्ट तिने त्या तिघांनाही कधी सांगितली नाही. मास्तर वारले त्याला अकरा वर्षं झाली.

गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला एक गाणं आलं. तुम्ही ते ऐकलं असेल असं मी म्हणणार नाही, पण आमच्याकडे ते प्रत्येक दुकानात, प्रत्येक बसमध्ये होतं. एका मुलीने पाठवलेल्या निरोपाला उत्तर येत नाही, एवढाच विषय. आत्याने ते लिहायला घेतलं आणि मधला आवाज शोधायला लागली. तो सापडायला तिला दोन दिवस लागले, कारण तो इतका सावकाश चालला होता की चालतोय हेच कळत नव्हतं. एकेक सूर सोळा मात्रा धरलेला. हीही जुनी युक्ती. एखादी धून ताणून ताणून मधल्या आवाजात ठेवायची आणि तिच्याभोवती बाकीचं गाणं बांधायचं. पान नाकाला टेकवलं तर अक्षर वाचता येत नाही, तसं तिचं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने ते चार सूर जवळजवळ आणून गाऊन बघितले. फा, उत, ला, मी.

तेव्हा मी तिच्याकडे चहा घेऊन गेले होते. तिने मान वर केली नाही. ती गाणं पुन्हा सुरुवातीला नेत होती, पुन्हा ऐकत होती, आणि गाण्यात तीच हाक पुन्हा येत होती. सहा वेळा. ओ कुठेच नव्हती.

कंपनीचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर आहे. फरशी पायांना नेहमी कोमट लागते आणि जिन्यात खळीचा वास असतो. तिथे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे पियानोकाका म्हणतात. छपाईला जाणारं प्रत्येक पान आधी वाजवून बघायचं आणि मूळ गाण्याशी पडताळायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षांत त्यांनी आत्याच्या पानावर लाल खूण केलेली मला माहीत नाही. या वेळी त्यांनी मधल्या आवाजाची पूर्ण ओळ लाल केली. मूळ गाण्यात हे नाहीच, असं त्यांचं म्हणणं पडलं. आत्याने त्यांना ऐकायला बसवलं. त्यांनी तीनदा ऐकलं, डोळे मिटून ऐकलं, आणि मग अगदी प्रेमाने विचारलं, "बाई, कानात भाडेकरू ठेवलाय का कुणी?"

त्यांच्याकडे गाण्यातले थर वेगळे करणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्यांनी गायिकेचा आवाज काढून टाकला, ताल काढून टाकला, खालचा आवाज काढून टाकला. उरलेल्या थरात एक सलग गुंजन होतं. काका म्हणाले की हा एकच सूर आहे, हलत नाही. आत्याने पेन्सिलीने टेबलावर चार ठिकाणी टकटक केलं, जिथे तिला तो हलताना ऐकू येत होता. चौथ्या टकटकीला काकांनी हेडफोन काढून ठेवले. त्यांनी ऐकू आलं असंही म्हटलं नाही, नाही आलं असंही म्हटलं नाही. फक्त म्हणाले की गाणं करणारीलाच विचारू.

गाणं करणारी एक तरुण बाई होती, स्वतःच्या बेडरूममध्ये काम करणारी. तिने फोनवर हसत सांगितलं की ते गुंजन म्हणजे कीबोर्डची एकच पट्टी आहे. हात दुखतो म्हणून तिने पट्टी दाबून तिच्या फटीत पत्त्यांतला एक पत्ता अडकवला आणि स्वतः पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा रेकॉर्डिंग चालू होतं. खोलीत कुणी नव्हतं. तिला ते ऐकायला बरं वाटलं म्हणून तिने ते ठेवलं.

काकांना एवढं पुरे होतं. ते म्हणाले, योगायोग. कुणाच्याही नावाचे चार सूर काढा, कुठल्या तरी गाण्यात सापडतील. तेव्हा आत्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी ती चूक सांगितली. माझं नाव छबी आहे, काका. माझं खरं नाव सापडलं असतं तर मीही योगायोग म्हटलं असतं. ही चूक करणारा माणूस एकच होता.

घरी येऊन तिने कपाटातून मागच्या दोन वर्षांची स्वतःची पानं काढली. मी जमिनीवर बसून तिला एकेक देत होते. दोन वर्षांपूर्वीच्या एका गाण्यात, तिच्याच अक्षरात, मधल्या आवाजाच्या ओळीत लांब लांब सूर होते: ला, उत, उत, ला. तिने ते लिहिले होते, छापले गेले होते, आणि तिला कळलं नव्हतं. बांबू त्याच महिन्यात गेला. त्याच्या पुढच्या वर्षीच्या एका गाण्यात रे, मी, सोल, उत, ला. त्याच पानाच्या शेवटच्या कडव्यात तेच सूर उलटे. ला, उत, सोल, मी, रे. तेही तिनेच लिहिले होते. रेडिओ त्या गाण्यानंतर दोन आठवड्यांनी गेला.

तिने ढोलीला फोन लावला. ढोली दुसऱ्या गावात मुलीकडे असते, तिचे गुडघे गेलेत आणि एक कान गेलाय, पण बोलणं शाबूत आहे. दर गुरुवारी दोघी तासभर बोलतात. तो गुरुवार नव्हता, म्हणून ढोलीने आधीच विचारलं की कोण गेलं. आत्याने आडून आडून रेडिओचा विषय काढला. ढोलीने सांगितलं की जाण्याआधी त्याचा तिला फोन आला होता. केस कापायला बसला होता, दुकानात कुठलंतरी नवं गाणं लागलं होतं, आणि म्हणे त्यात त्याची हजेरीची धून होती. "मेल्याला काय आनंद झाला होता. म्हणाला, ढोले, मास्तरांनी बोलावलं, मी शीळ घालून ओ दिली, न्हावी दचकला."

आणि बांबू, आत्याने विचारलं. बांबूचं काही ढोलीला माहीत नव्हतं. पण आत्याला ते कुणी सांगायची गरज नव्हती. बांबूने नुसती ती धून ऐकून गुणगुणली असेल, ओळखायचा प्रयत्न करत असेल. त्याला ओ द्यायची नसली तरी त्याची हाक आणि ओ एकच, त्याच्याकडे दुसरं काही गाण्यासारखं नव्हतं.

फोन ठेवल्यावर तिने मला ते सगळं नीट, पायरी पायरीने सांगितलं, एखादं अवघड पान समजावावं तसं. ज्याने ओ दिली, तो गेला. मास्तर क्रम मोडत नाहीत. ती ओ देत नाही तोवर हजेरी तिच्यापाशीच अडणार. तिने दिली की पुढचं नाव ढोलीचं. मी म्हटलं, मग देऊच नकोस. ती म्हणाली, नाहीच देत आहे.

मला वाटतं तिला तेव्हा ते जमण्यासारखं वाटलं होतं. ओ इतकी विचित्र होती, मी, ला, उत, फा, की चुकून कुणाच्या तोंडात यायची नाही. पण मास्तरांचा स्वभाव ती विसरली होती. ते पुन्हा गुणगुणायला लागले. पुढच्या महिन्यात आलेल्या गाण्यात तीच धून मधल्या आवाजात होती. त्याच्या पुढच्या गाण्यातही. वेगळे गायक, वेगळी माणसं, एकात व्हायोलिनं, एकात नुसती यंत्रं, आणि प्रत्येकाच्या पोटात तीच हाक, आवाज न चढवता. खरा मधला आवाज तिला ऐकूच येईना. ती अंदाजाने लिहायला लागली, आणि काकांच्या लाल खुणा वाढल्या. मालकांनी एकदा तिला बसवून घेतलं आणि म्हणाले की तुम्ही थोडी विश्रांती घ्या, कान तपासून घ्या. तिने कान तपासून घेतले. कान तिच्या वयाच्या मानाने उत्तम होते.

मार्चमध्ये एका दुपारी मी वर गेले तर ती टेबलापाशी उभी होती. हेडफोन टेबलावर पडले होते आणि त्यांतून बारीक आवाजात गाणं चालू होतं. तिने पदर खोचला होता, भांडायला निघालेल्या बाईसारखा. मला तिने हातानेच थांबवलं.

"मास्तर," ती हेडफोनकडे बघून म्हणाली, "छबूबाई म्हणून कुणी नाही. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, चुकलं माझं. माझं नाव छबी."

आणि तिने ते गाऊन सांगितलं, म्हणजे त्यांना कळावं म्हणून. फा, मी, ला, मी. पूर्ण आवाजात. चाळीस वर्षांनी तिची ती भीड गेली होती, आणि गाऊन झाल्यावर ती खुर्चीत बसून लहान मुलीसारखी हसली. नसलेल्या माणसाला हाक मारून मारून किती मारतील, असं तिने मला विचारलं. तिचं नाव वहीतून खोडलं जाईल, आणि क्रम तिथेच तुटेल. तिला तो हिशोब अगदी बिनचूक वाटत होता. मलाही वाटला.

दुसऱ्या दिवशी धून गेली. त्याच गाण्यात, जिथे ती काल होती, तिथे एक साधं गुंजन होतं. तीन आठवडे आत्याने झपाटल्यासारखं काम केलं. जिन्यात तिचा आवाज पुन्हा यायला लागला. काकांनी तिच्यासाठी खालच्या लाँड्रीतून रिकामं लाकडी हँगर आणलं आणि त्यावर तिचं एकही खूण नसलेलं पान टांगून ठेवलं.

चौथ्या आठवड्यात जे गाणं आलं ते सगळ्यांनाच आवडलं. आईला तर फारच. आत्याने ते लावलं, मधला आवाज शोधला, आणि लगेच सापडला, कारण आता तो ताणलेला नव्हता. फा, मी, ला, मी. मास्तरांनी दुरुस्ती करून घेतली होती.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाली की त्यांनी कधी कुणाचं नाव खोडलेलं आपल्याला आठवत नाही. हे आधी आठवायला हवं होतं.

आता गोष्ट जास्त वाईट होती, आणि किती वाईट ते तिने पेन्सिलीने कागदावर मांडून दाखवलं. छबूची ओ चुकून तोंडात येण्यासारखी नव्हती. छबीची ओ म्हणजे मी, ला, मी, फा. असले सूर कुठेही येतात. ओळीच्या शेवटी येतात, दोन ओळींच्या मधे येतात, माणूस भांडी घासताना काहीतरी गुणगुणतो त्यात येतात. ज्या चुकीने तिला वाचवलं होतं ती तिने आपल्या हाताने दुरुस्त केली होती. शिवाय ढोलीबाईची ओ होती मी, ला, मी, सोल. पहिले तीन सूर दोघींचे एकच. चौथा फा पडला की आत्या हजर, सोल पडला की ढोली. ढोलीला अजून हाक नव्हती, पण हाक नसताना दिलेली ओ मास्तर धरत नाहीत, याची खात्री तिला देता येईना. आणि रेडिओची ओ पानावर उतरवण्याआधी तिने स्वतः गाऊन बघितली होती, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची ओही ते धरत असतील.

ती गायची थांबली. मधला आवाजही गाऊन बघायचा नाही. नुसतं ऐकायचं आणि लिहायचं. तिने आईलाही सांगितलं की घरात ते गाणं गुणगुणू नका. आईने कारण विचारलं नाही, पण सवय जाईना, आणि ओट्यापाशी तिचा आवाज निघाला की वरून काठीने जमिनीवर ठोकल्याचा आवाज यायचा. बाबा म्हणाले, तुझी नणंद आता तुला वरूनसुद्धा धाकात ठेवायला लागली.

आमच्या जिन्यात चौथ्या मजल्यावरची एक मुलगी शिकवणीहून शीळ घालत येते. दहा-अकरा वर्षांची, गाण्यात पक्की. शाळेच्या गायनपथकात पुढच्या रांगेत असते. एका संध्याकाळी उजेड असताना मी आत्याच्या दारात उभी होते, ती आत कुलूप शोधत होती, आणि ती मुलगी खालून चढत आली. तेच गाणं. मी, ला, मी. आणि आत्याच्या मजल्यावर येऊन ती थांबली, कारण तिच्या बुटाचा बंद सुटला होता. ती पायरीवर वाकली आणि बंद बांधायला लागली. तीन सूर जिन्यात तसेच राहिले.

आत्या दारात आली. मला तिच्या गळ्याची हालचाल दिसत होती. ज्या बाईने आयुष्यभर अर्धवट ओळी पुऱ्या केल्या, तिच्यासमोर तीन सूर उघडे पडले होते आणि चौथा कुठे पडणार हे एका मुलीच्या श्वासावर होतं. मुलीने गाठ मारली, उभी राहिली, ओठांचा चंबू केला. तिच्या आधी आत्याने सूर लावला. फा नाही, सोल नाही. रे.

इतका बेसूर, इतका उघड चुकीचा तो लागला की मुलगी शीळ विसरली. तिने आत्याकडे मान वाकडी करून बघितलं, मोठ्या माणसाला सांगावं की नाही याचा विचार केला आणि सांगितलं.

"काकू, चुकलं तुमचं. तिथे फा येतो."

"हो का," आत्या म्हणाली. "मी रेच म्हणते. तू पण रे म्हणून बघ."

मुलीने करून बघितलं. तोंड वाकडं केलं, पुन्हा करून बघितलं, आणि हसत वर गेली. वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तिने चौथा सूर दरवेळी चुकीचा लावला.

आत्याने त्या गाण्याचं पान दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिलं. मी सोबत होते. काकांनी ते वाजवलं, चौथ्या सुरावर थांबले, लाल पेन्सिल उचलली. मग आत्याकडे बघितलं. आत्या कोमट फरशीवर उभी होती, हात पोटापाशी धरून, आणि पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे काही मागितलं. हे असंच जाऊ द्या, एवढंच. काकांनी ते पुन्हा वाजवलं, रे लावून. मग पेन्सिल कानामागे खोचली आणि पान छपाईच्या गठ्ठ्यात ठेवलं. मालकांकडे शाळांच्या तक्रारी आल्या तेव्हा काकांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली.

तेव्हापासून आत्याच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक गाण्यात ते तीन सूर एकापाठोपाठ आले की चौथा चुकलेला असतो. पानं घेणाऱ्या शाळांमध्ये, मंडळांमध्ये माणसं तसंच गातात, आणि पुढच्यांना तसंच शिकवतात. उत्तम कानाची बाई होती, आता उतरली, असं धंद्यातली माणसं बोलतात, आणि ते तिच्यापर्यंत पोचतं. पहिले काही दिवस तिला ते लागलं. कान हीच तिची सगळी इस्टेट होती.

हाक थांबलेली नाही. कालच्या गाण्यात होती, परवाच्याही. मी आता ती ओळखू शकते, आणि ओळखता येऊ नये असं मला वाटतं. आज गुरुवार आहे. वर आत्या ढोलीशी बोलतेय, तिच्या गुडघ्यांवरच्या नव्या पट्ट्यांबद्दल, आणि ढोली इतक्या मोठ्याने हसतेय की फोनमधला तिचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतोय.